पाणथळीवर पक्षी बघणाऱ्याने डोंगरातल्या जंगलात काय करावं? (थट्टेकड-मुन्नारची टूर)

हळदीकुंकू, नाशिक
१४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

पोस्टातून रिटायर होऊन मला तीन वर्षं झाली, इंदिरानगरला राहते. पक्ष्यांचा नाद रिटायर झाल्यावरच लागला, तोही मैत्रिणीने बळंच नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर नेलं म्हणून. आता थंडीत दर दुसऱ्या रविवारी तिथल्या चापडगावला असते. मनोऱ्यावर उभं राहायचं, समोर पाणी, पाण्यावर हजारभर पक्षी, आणि आपल्याकडे वेळच वेळ. हा थापट्या की चक्रवाक, असं वाटलं तर पुस्तक काढायचं, पानं उलटायची, तोवर पक्षी तिथंच. उडाला तरी पलीकडे जाऊन बसतो, पळून कुठं जातोय.

जंगलात मात्र माझं पार हसं होतं. मागच्या वर्षी एका टूरबरोबर (नाव नको) दांडेलीला गेले होते. चौदा माणसं, त्यातल्या पाच जणांकडे तोफेएवढ्या लेन्सा. म्होरक्या मोबाइलला स्पीकर जोडून पक्ष्याचा आवाज वाजवायचा, पक्षी बिचारा भांडायला यायचा, आणि पुढचे पाच जण क्लिकक्लिकाट करायचे. दोन दिवसांत मला दिसलं ते एवढंच: हलणारी फांदी, हललेली फांदी, आणि "गेला!" म्हणणारी माणसं. धनेश दिसला तो पार्किंगवरून उडताना. परत येताना सगळ्यांना छापील यादी मिळाली, ६२ पक्ष्यांची. त्यातले मी बघितलेले जेमतेम अठरा. उरलेले म्हणे "आपल्या ग्रुपला" दिसले.

आता केरळचं घाटतंय. एका टूरवाल्याने कार्यक्रम पाठवलाय: पहिले दोन दिवस थट्टेकड, तिसरा मुन्नार, चौथा थेक्कडी, पाचवा अलेप्पीला हाउसबोट, माणशी ३८ हजार, प्रवास वेगळा. आमच्या ह्यांना पक्ष्यांचं काही नाही, पण हाउसबोट म्हटल्यावर लगेच हो म्हणाले.

पुन्हा फांद्या बघायला एवढे पैसे घालू का? डोंगरातल्या जंगलात पक्षी दिसण्याची काही रीत असते का, की आपला डोळाच पाण्याचा? दुर्बीण ह्यांची जुनी २०×५० आहे, ती चालेल? कॅमेरा नाही, घ्यायचाही नाही. जायचं कधी तेही सांगा. गुडघे बरे आहेत, मान थोडी दुखते.

---

द्राक्षवाला
१४ नोव्हेंबर, रात्री १०.२५

काकू, आम्ही निफाडकर पक्षी येऊ नयेत म्हणून बागेवर जाळ्या टाकतो, पोरं डबे बडवतात, आणि तुम्ही पक्षी यावेत म्हणून ३८ हजार देताय! माझ्या बागेत या. बुलबुल, साळुंक्या, पोपट, सगळे फुकट. सकाळचा चहा माझ्याकडून.

मस्करी राहू द्या. ती हाउसबोट काढा आधी. पक्ष्यांच्या टूरमध्ये हाउसबोट म्हणजे लग्नाच्या बस्त्यात ट्रॅक्टरचा टायर.

---

रानपिंगळा९७
१४ नोव्हेंबर, रात्री ११.१०

२०×५० घरीच ठेवा. का ते सांगतो. पन्नासला विसाने भागा, अडीच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत एवढाच, अडीच मिलिमीटर. भर उन्हात तळ्यावर चालतो. सदाहरित जंगलात सकाळी साडेसहाला पानांखाली अंधार असतो, तिथं डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ही दुर्बीण तिला उपाशी ठेवते. ८×४२ मध्ये तोच झोत सव्वापाच मिलिमीटर. शिवाय वीसपट मोठं दिसतं म्हणजे हाताचा कंपही वीसपट, आणि दिसतं किती तर पेल्याच्या तोंडाएवढं. फांदीवरचा पक्षी त्या पेल्यात सापडेपर्यंत खरंच "गेला!" होतं. दांडेलीचं अर्धं खापर ह्या दुर्बिणीवर फोडा.

८×४२ घ्या. जवळ दोन मीटरवर फोकस होतो की नाही ते दुकानातच बघा, स्वतःच्या चपलेवर धरून. जंगलात कित्येकदा पक्षी इतका जवळ असतो की जाड दुर्बिणींना तो धूसर दिसतो.

आणि तुमचं नाव संक्रांतीवरून की बदकावरून?

---

हळदीकुंकू, नाशिक
१५ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

बदकावरूनच हो. काळी चोच, टोकाला हळद, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. मला पहिल्यांदा कुणाच्याही मदतीशिवाय ओळखता आलेला पक्षी.

चपलेवर फोकस, हे आवडलं. काल रात्री ह्यांच्या दुर्बिणीने केलं. चप्पल दिसलीच नाही, भिंत दिसली.

---

शीळकस्तूरअप्पा
१५ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

ताई, मी नाशिकरोडचा. प्रेसमधून निवृत्त. धाकटी लेक कोचीला असते म्हणून गेली नऊ वर्षं दर हिवाळ्यात तिकडे जातो, आणि लेकीकडे दोन दिवस, जंगलात आठ दिवस असा हिशेब असतो. जावई आता काही बोलत नाही. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

तुमच्या कार्यक्रमात चूक एकच, पण मोठी आहे. पाच दिवसांत चार गावं. तळं असलं तर गाडीतून उतरल्या उतरल्या पक्षी दिसतात, म्हणून तळ्यांची टूर अशी पळवता येते. जंगल पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसतं. दुसऱ्या दिवशी थोडं बोलतं. तिसऱ्या सकाळी तुम्हाला कळायला लागतं की हा आवाज काल त्याच वळणावर होता. आणि तुमचा टूरवाला नेमका तिसऱ्या सकाळी तुम्हाला जीपमध्ये बसवतोय.

थेक्कडी काढा, हाउसबोट काढा. थट्टेकड तीन रात्री, मुन्नार दोन. दोनच गावं कशाला म्हणाल, तर ही दोन एकमेकांची पुनरावृत्ती नाहीत. थट्टेकड पेरियार नदीच्या काठाला, जवळजवळ सपाटीला. अभयारण्य जेमतेम २५ चौरस किलोमीटरचं. सलीम अलींनी १९३३ च्या त्रावणकोर-कोचीनच्या पाहणीत हा भाग पिंजून काढला होता, अभयारण्य झालं १९८३ साली, आणि नावही त्यांचंच दिलंय. तिथून मुन्नार गाडीने तीनेक तास, पण तेवढ्यात तुम्ही दीड हजार मीटर वर चढता, आणि वर गेल्यावर पक्ष्यांचं गावच बदलतं. खालचा कर्णा, फ्रॉगमाउथ (बेडकासारख्या रुंद तोंडाचा निशाचर पक्षी), मलबारी राखी धनेश वर शोधू नका. वरचे निलगिरी माशीमार, काळा-नारिंगी माशीमार, शोलाकिळी खाली येत नाहीत. आपल्याकडे नाशिकहून त्र्यंबकला गेलं की स्वेटर लागतो, तिथं त्या स्वेटरबरोबर पक्षीही बदलतात.

शोला म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर मुन्नारला चहाचे मळे बघून याल. उंच डोंगरांवर सगळीकडे गवत, आणि दोन टेकड्यांच्या घळीत, जिथं पाणी झिरपतं तिथं बुटक्या, वाकड्या, शेवाळलेल्या झाडांचं दाट रान. असे तुकडे बेटांसारखे असतात, समुद्राच्या जागी खालचं गरम खोरं. तिथले काही पक्षी ते खोरं ओलांडत नाहीत. पालघाटची खिंड माहीत असेल, सह्याद्रीला पडलेली तीसेक किलोमीटर रुंदीची फट. तिच्या उत्तरेला निलगिरीवर एक शोलाकिळी, दक्षिणेला अनैमलै-पळणीकडे दुसरी. दिसायला बहिणी-बहिणी, पण लाखो वर्षं भेट नाही. यांचं घराणंच वेगळं आहे, हे जनुकं तपासून २०१७ मध्ये ठरलं आणि शास्त्रीय नावही 'शोलिकोला' असं नवं दिलं गेलं. किळी म्हणजे त्यांच्या भाषेत पाखरू. तोवर बिचारी कधी ह्या पुस्तकात रॉबिन तर कधी त्या पुस्तकात भलतंच काही म्हणून राहत होती. तुमच्या टूरवाल्याला विचारा, मुन्नारला कुठल्या शोल्यात नेणार? "टी गार्डन" म्हणाला तर फोन ठेवा. ते मळे शोला आणि गवत काढूनच लावलेत.

आता दिसण्याची रीत. मुळात, बघायचं नाही. ऐकायचं.

नांदूरमध्यमेश्वरला आपण बहिरे असलो तरी चालतं, आणि तीच सवय आपल्याला जंगलात आडवी येते. आपण डोळ्यांनी झाडं चाळत बसतो. एका झाडाला किती पानं! कर्णा म्हणजे मलबार ट्रोगन घ्या. नराचं पोट लालभडक, डोकं काळं, मध्ये पांढरी पट्टी. एवढा भडक पक्षी दिसू नये? पण तो लबाड माणसाकडे पाठ करून बसतो, आणि पाठ वाळक्या पानाच्या रंगाची. ताठ, हलत नाही. मी पहिल्या वर्षी त्याच्या खालून तीनदा गेलो असेन. तो दिसतो आवाजावरून: हलका, सावकाश, एकाच पट्टीतला 'क्याऊ... क्याऊ... क्याऊ', कुणीतरी लांबून अर्धवट मनाने हाक मारल्यासारखा. तो आला की पाय थांबवायचे, तोंड बंद, आणि आवाजाच्या दिशेला झाडाच्या मधल्या मजल्यावर नजर. शेंड्यावर नाही, बुंध्याशी नाही.

दुसरं म्हणजे टोळी. तळ्यावर पक्षी सगळीकडे पसरलेले असतात. जंगलात अर्धा तास काहीच नसतं, अगदी चिमणीसुद्धा नाही, आणि मग एकदम वीस-तीस पक्षी एकत्र येतात: निखार, माशीमार, सुतार, वटवटे, बरोबर भृंगराज कोतवाल, त्या शेपटीच्या दोन तारा मिरवत. सगळे मिळून किडे उठवत जातात, एकाने उठवलेला किडा दुसरा खातो. कोतवाल पहारा देतो आणि वर लबाडीही करतो, दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. टोळी पाच मिनिटांत निघून जाते. त्या पाच मिनिटांत प्रत्येक पक्ष्यामागे दुर्बीण फिरवली तर एकही दिसत नाही. एक धरा, नीट बघा, मग दुसरा. चार दिसले तरी खूप. आणि टोळी गेल्यावर तिच्यामागे पळू नका, पुढच्या वळणावर जाऊन उभ्या राहा.

मानेचं सांगता, तर उंच झाडाखाली उभं राहून वर बघू नका. उताराच्या रस्त्यावर वरच्या बाजूला उभं राहिलं की खालच्या झाडाचा शेंडा डोळ्यासमोर येतो. माझ्या मानेचा डॉक्टर हाच आहे.

तयारी इथंच करा. पुढचे आठ रविवार चापडगावला जाऊ नका, अंजनेरीच्या पायथ्याला किंवा ब्रह्मगिरीच्या वाटेला जा, आणि दुर्बीण पिशवीतच ठेवा. तांबट, कोतवाल, शिंपी, सातभाई, बुलबुल, नाचण, असे दहा आवाज न बघता ओळखता आले की केरळात अकरावा आवाज वेगळा ऐकू येईल. दहा ओळखीचे असल्याशिवाय अनोळखी कोण ते कळतच नाही.

वाटाड्या स्थानिक घ्या. थट्टेकडला चांगले आहेत, बहुतेक होमस्टेवाल्यांच्या ओळखीचे. त्याला आधी तीन गोष्टी विचारा: बरोबर माणसं किती (पाचच्या वर नको), आवाज वाजवतो का, आणि लपणीत बसवणार की चालवणार. लपणीत दाणा-पाणी ठेवून पक्षी बोलावतात, फोटोवाल्यांना ते बरं पडतं. तुम्हाला कॅमेरा नाही, मग चालाच.

कधी जायचं? संक्रांतीनंतर लगेच. त्याआधी शबरीमलैचे यात्रेकरू, गाड्या भरलेल्या असतात. आणि मुन्नारचं एरविकुलम उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्च बंद ठेवतात, निलगिरी ताहरची, म्हणजे तिथल्या रानबकऱ्यांची, पिल्लं होतात म्हणून. मधला पंधरवडा तुमचा. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला नेते. कोकण रेल्वेचा भाग दिवसा आला तर खिडकी सोडू नका.

बाकी, माझ्या नावाचा पक्षी, शीळकस्तूर, ऐकायला केरळात जायची गरज नाही. पावसाळ्यात इगतपुरीला ओढ्याच्या कडेला भल्या पहाटे शीळ घालतो, शाळेला दांडी मारलेल्या पोराने घातल्यासारखी, मध्येच चाल विसरतो.

---

निखार
१५ नोव्हेंबर, रात्री ८.१५

अप्पा, __/\__

मावशी, मी मूळची नाशिकची, आता पुण्यात. अप्पांचं उंचीचं म्हणणं मला ईगलनेस्टला पटलं. अरुणाचलात एकाच रस्त्याने पाचशे मीटरपासून तीन हजारांच्या वर चढता येतं आणि दर दोन तासांनी पक्षी बदलतात. 'बुगुन लिओसिक्ला' हा पक्षी तिथलाच. पुण्याच्या आयसरमध्ये असणारे रमणा अत्रेय, मूळचे खगोलशास्त्रज्ञ, त्यांना तो १९९५ मध्ये ओझरता दिसला आणि नवी जात म्हणून २००६ मध्ये जाहीर झाला. नमुना म्हणून एकही पक्षी मारला नाही, कारण होतेच मोजके. फोटो, आवाज आणि जाळ्यातून सोडताना राहिलेली पिसं, यावर काम भागवलं. नाव दिलं तिथल्या बुगुन लोकांचं.

दहा वर्षं एक पक्षी पुन्हा दिसायची वाट बघणारा माणूस आहे म्हटल्यावर मला दोन दिवसांत "काहीच दिसलं नाही" म्हणायची लाज वाटायला लागली. पण तुम्हाला नाही म्हणत हां, चौदा माणसांत मीही वैतागले असते.

जळवांसाठी जाड मोजे विसरू नका. जानेवारीत कमी असतात, शोल्यात ओल असली तर भेटतात.

---

द्राक्षवाला
१५ नोव्हेंबर, रात्री ९.००

अप्पांनी तर अख्खा सातबारा काढून दिला. काकू, फायनल काय?

---

हळदीकुंकू, नाशिक
१६ नोव्हेंबर, दुपारी १.२०

टूरवाल्याला फोन केला. मुन्नारला कुठल्या शोल्यात नेणार विचारलं. म्हणाला, "मॅडम, सोल्जर म्हणजे आर्मी एरियात परमिशन नसते." ठेवला फोन.

मैत्रीण आणि तिची बहीण तयार आहेत. आम्ही चौघं. हाउसबोट मात्र एक रात्र ठेवावी लागणार, शेवटी. संसार आहे.

---

हळदीकुंकू, नाशिक
११ फेब्रुवारी, सायंकाळी ६.१०

जाऊन आले. उशिरा लिहितेय, कारण आल्या आल्या पुतणीचं लग्न होतं.

आधी कबुली. आठ रविवार सांगितले होते, झाले पाच. पहिल्या रविवारी अंजनेरीच्या पायथ्याला दुर्बीण पिशवीत ठेवून बसले तर तासाभराने चिडून घरी आले. तिसऱ्या रविवारी तांबट आणि भारद्वाज यांची गल्लत थांबली. पाचव्या रविवारी सातभाईंच्या कलकलाटात मध्येच एक बारीक 'टुविट टुविट' ऐकू आलं आणि मैत्रीण म्हणाली "शिंपी", तेव्हा मला तिच्याही आधी कळलेलं होतं. बोलले नाही.

थट्टेकडचा वाटाड्या पन्नाशीचा, लुंगी गुडघ्यावर दुमडलेली, हिंदी माझ्यासारखंच मोडकं. पहिल्या सकाळी सव्वासहाला निघालो. तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघत बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हे माझ्या कानात म्हणाले, "ह्याची झोप झालेली नाही." मला मात्र अप्पा आठवत होते. तो ऐकत होता. मग बोट वर न करता, नुसतं हनुवटीने त्याने दिशा दाखवली, आणि पिंपळासारख्या एका झाडावर नीलपरी उतरल्या, नऊ की दहा. उजेड तिरपा होता, म्हणून निळा रंग मध्येच पेटायचा, मध्येच काळा पडायचा.

फ्रॉगमाउथचं सांगते, ते सविस्तर सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटाड्याने आम्हाला वेताच्या जाळीपाशी नेलं. वाकायला लावलं. "देखो." काय देखो? वेल, त्यात अडकलेली वाळकी पानं. माझ्यापासून तीन हात लांब, आणि मला दिसेना. नवी दुर्बीण लावली, तरी पानंच. वाटाड्या हसत नव्हता, घाईही करत नव्हता. म्हणाला, पान को मत देखो, जो पान हवा में नहीं हिलता, वो देखो. वारा आला. सगळी पानं हलली. दोन नाही हलली. एक राखाडी, एक तांबूस, एकमेकांना चिकटून, चोची वर करून. नर-मादी. राखाडी तो नर. चोचीच्या बुडाशी मिशांसारखे केस, आणि डोळा पुरता मिटलेला नाही, एक बारीक फट. त्या फटीतून तो माझ्याकडे बघत होता. मला वाटतं आम्ही आलो तेव्हापासून बघत होता. सव्वा मिनिट झालं आणि वाटाड्याने आम्हाला खांद्याला धरून मागे नेलं. जास्त वेळ थांबलो तर उडतात आणि दिवसा उडाले तर कावळे छळतात, असं काहीसं म्हणाला. दांडेलीच्या म्होरक्याला इथं शिकवणीला पाठवायला हवं.

मैत्रिणीच्या बहिणीला शेवटपर्यंत एकच दिसला. ती अजून म्हणते दुसरं पानच होतं.

कर्णा. तिसऱ्या सकाळी, अप्पा, तुम्ही म्हणालात तशी तिसऱ्याच सकाळी. वाटाड्या पुढे, माझी चप्पल सुटली म्हणून मी मागे. (बूट घाला असं कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.) खाली वाकलेली असताना ऐकू आला, अर्धवट मनाने मारलेली हाक. मी वाटाड्याला हाकही मारली नाही. उभी राहिले, मधल्या मजल्यावर नजर लावली. पाठ. वाळकं पान. मग त्याने मान वळवली आणि नंतर सगळाच वळला. लाल म्हणजे काय लाल! वाटाड्या परत आला, बघितलं, आणि मला सलाम ठोकला. ह्यांनीही बघितला. म्हणाले, "बरा आहे." ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पद्मश्री.

टोळी दोनदा भेटली. पहिल्या वेळी सगळ्यांमागे दुर्बीण फिरवली, एकही धड दिसला नाही. माहीत असून चूक करायची असते, ती केली. दुसऱ्या वेळी एकच धरला, छोटा सुतार, तो नीट बघितला.

मुन्नारला कडाक्याची थंडी. निफाडकरांनी नाक वर करू नये, आमच्या खोलीच्या खिडकीवर आतून पाणी गळत होतं. शोला बघून मला वाटलं की झाडं म्हातारी होऊन एकमेकांना धरून बसलीत. शेवाळ इतकं, की बुंध्याला हात लावला तर बोटं आत जातात. काळा-नारिंगी माशीमार पहिल्या दहा मिनिटांत, गुडघ्याच्या उंचीवर, आम्हाला भीक न घालता. एरविकुलमला राजमलैच्या रस्त्यावर ताहर तर शेळ्यांसारख्या उभ्या, पण धुक्यामुळे निलगिरी पिपिट काही दिसला नाही. दोन तास गवताकडे बघत बसलो, धुकं इंचभरही हललं नाही. ह्यांच्या घोट्याला एक जळू लागली, तिचं कौतुक मात्र दोन दिवस चाललं.

शोलाकिळीसाठी शोल्यात दोनदा गेलो. नाही. शेवटच्या संध्याकाळी मुक्कामाच्या मागे, स्वयंपाकघराचं सांडपाणी जाणाऱ्या गटारीपाशी मी कपडे वाळलेत का बघायला गेले होते. अंधारत होतं. गटारीच्या कडेला काहीतरी दोन उड्या मारून थांबलं. मूठभर, आखूड शेपटी. मान निळसर-राखाडी, पोट पांढरं. चोचीत काहीतरी अळीसारखं. मी हातात ह्यांचा ओला बनियन धरून उभी, दुर्बीण खोलीत. त्याने माझ्याकडे बघितलं, अळी गिळली, आणि कडेच्या झुडपात उड्या मारत गेलं. शोला तिथून वीस पावलांवर होता, मला आधी कळलाच नव्हता.

माझी यादी ५८ ची. जे फक्त ऐकले त्यांच्यापुढे 'ऐ' लिहिलंय, ते १४. छापील काही नाही.

खर्च माणशी ३८ च्या बराच आत बसला, हाउसबोट धरून. हाउसबोटीवर खंड्या आणि पाणकावळे भरपूर. हे म्हणाले, बघ, इथं किती सहज दिसतात!

---

शीळकस्तूरअप्पा
११ फेब्रुवारी, रात्री ८.४५

ताई, नऊ वर्षांत मला शोलाकिळी अळी गिळताना दिसलेली नाही. बनियनला माझा नमस्कार सांगा.

पिपिटसाठी पुन्हा जावंच लागेल. धुकं दहाच्या आत उठलं नाही तर त्या दिवशी उठत नाही, दुसरा दिवस हाताशी ठेवा. आणि ते पिंपळासारखं झाड बहुधा रानटी उंबर किंवा वडाच्या जातीतलं. तसं झाड फळलेलं असेल तर त्याच्याखाली दिवसभर बसा, धनेश तिथंच येतो.

---

द्राक्षवाला
११ फेब्रुवारी, रात्री ९.३०

काकू, ती २०×५० विकणार का? आमच्याकडे उसात बिबट्या हिंडतोय, गच्चीवरून बघायला बरी पडेल.

---

हळदीकुंकू, नाशिक
११ फेब्रुवारी, रात्री ९.५०

विकत नाही, घेऊन जा. रविवारी चापडगावला येणार आहे, सकाळी सातला मनोऱ्याखाली. येताना द्राक्षं आणा. फक्त बुलबुल हाकलायला वापरायची नाही.